परसातल्या मेपलचे सिरप: तोट्या किती लावाव्यात आणि रस कुठवर आटवावा

नमस्कार. उत्तर देण्याआधी आपला प्रश्न मला कसा समजला ते मांडतो. कॅनडातल्या ओंटारियोत वॉटर्लूजवळ तुम्ही घर घेतले, परसात चार मेपल आहेत आणि गेल्या हंगामात चारही झाडांना तोट्या लावून तुम्ही सुमारे ७० लिटर रस जमवला. त्यातला अर्धा रस स्वयंपाकघरातल्या शेगडीवर दोन दिवस आटवून दीड लिटर सिरप झाले, पण तीन आठवड्यांत त्यावर बुरशी आली. उरलेला अर्धा नऊ दिवस गॅरेजमध्ये राहून गढुळला आणि आटवताना शेवटी तळाला लागून जळाला. दरम्यान स्वयंपाकघराच्या छताचा रंग फुगला. आता पुढच्या हंगामासाठी तयार बाष्पीभवन यंत्र विकत घ्यावे का, आणि आपण झाडांना इजा तर करत नाही ना, असे तुम्ही विचारले आहे.

मी अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये गेली १४ वर्षे घरच्यापुरते सिरप करतो. सुरुवात तीन झाडांवर केली होती, आज २२ तोट्या लावतो. आमच्या आजोबांचे शिरोळ तालुक्यात गुऱ्हाळ होते, त्यामुळे रस आटवणे मला परके नव्हते. तरीही पहिल्या वर्षी माझी गत तुमच्यासारखीच झाली, आणि तिचे कारण त्या गुऱ्हाळाच्या अनुभवातच होते. उसाच्या रसात साधारण पाचवा-सहावा हिस्सा साखर असते. मेपलच्या रसात ती पन्नासाव्या हिश्शाइतकी असते. काहिलीतला उसाचा रस सकाळी चढवला की दुपारपर्यंत गूळ पडतो हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला मेपलच्या रसातून किती पाणी उडवायचे आहे याचा अंदाज येत नाही. तुमच्या तिन्ही अडचणींचे मूळ मला इथेच दिसते. झाडाला भोक पाडणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. दिवसाला आपण किती पाणी उडवू शकतो हे आधी ठरवून त्या हिशेबाने तोट्या लावल्या, तर बाकीचे बहुतेक प्रश्न उभेच राहत नाहीत.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. शुगर मेपलच्या रसात साधारण २ टक्के साखर धरली तर ३५ लिटर रसात सुमारे ७०० ग्रॅम साखर झाली. तयार सिरपमध्ये वजनाच्या ६६ टक्के साखर असावी लागते. ७०० ग्रॅम साखरेचे ६६ टक्क्यांचे सिरप होते सुमारे १ किलो ६० ग्रॅम. सिरप पाण्यापेक्षा जड, लिटरला सुमारे १.३३ किलो, म्हणून ते मापात जेमतेम ८०० मिलिलिटर भरते. तुमच्याकडे दीड लिटर भरले. याचा अर्थ त्यात साखर ४० टक्क्यांच्या आसपास होती. चवीला ते पुरेसे गोड लागले असणार, रंगही आला असणार, पण इतक्या पातळ पाकावर बुरशी येणारच. ६६ टक्क्यांना साखर पाणी असे बांधून ठेवते की बुरशीला आणि यीस्टला ते सहजी मिळत नाही. त्याच्या बरेच खाली थांबलात तर ते सिरप नसून गोड पाणी असते आणि ते फ्रिजमध्येही फार दिवस टिकत नाही. उलट ६८-६९ च्या पुढे गेलात तर काही आठवड्यांनी बाटलीच्या तळाशी खडीसाखरेसारखे स्फटिक बसू लागतात.

इथले जुने लोक एक सोपे सूत्र वापरतात: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्केवारीने भागा, म्हणजे एक माप सिरपसाठी किती मापे रस लागेल ते कळते. २ टक्क्यांना ४३ मापे, १ टक्क्याला ८६. झाड कोणत्या जातीचे आहे याला किती महत्त्व आहे ते या दोन आकड्यांवरून दिसते. शुगर मेपल आणि त्याचा भाऊबंद ब्लॅक मेपल हे सर्वांत गोड. रेड, सिल्व्हर, नॉर्वे आणि मॅनिटोबा मेपल यांचाही रस काढता येतो आणि सिरपही चांगले होते, पण साखर सहसा कमी असल्याने जळण जास्त लागते. शिवाय रेड आणि सिल्व्हर मेपलच्या कळ्या लवकर फुगतात, म्हणून त्यांचा हंगाम लवकर आटोपतो. त्यातही झाडागणिक फरक पडतो. मोकळ्यावर वाढलेल्या, चहूबाजूंनी फांद्या पसरलेल्या परसातल्या झाडाचा रस दाट रानातल्या झाडापेक्षा अनेकदा गोड निघतो, कारण पाने जास्त आणि ऊन भरपूर. म्हणून चार झाडांवरून नेमके किती सिरप मिळेल हे कोणी दुरून सांगू शकणार नाही. ढोबळ अंदाज असा की चांगल्या हंगामात एका तोटीमागे साधारण ४० लिटर रस आणि त्याचे एक लिटरभर सिरप.

फेब्रुवारीत कडाक्याची थंडी असूनही बादल्या कोरड्या का राहिल्या, असेही तुम्ही विचारले आहे. रस थंडीने वाहत नाही. रात्री गोठून दिवसा वितळण्याने वाहतो. मेपलच्या लाकडातल्या काही पेशींत वायू असतो. रात्री तापमान शून्याखाली गेले की खोडात बर्फ धरू लागतो, वायू आकसतो, आत ओढ तयार होते आणि झाड मुळांकडून पाणी वर खेचून घेते. दुसऱ्या दिवशी ४-५ अंशांपर्यंत ऊब आली की बर्फ वितळतो, वायू पुन्हा फुलतो आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढतो; मग खोडाला जिथे वाट मिळेल तिथून रस बाहेर पडतो. दिवसभर शून्याखाली राहिले तर थेंब पडत नाही आणि रात्रीही गोठले नाही तर दोन-तीन दिवसांत धार आटते. तुमच्या भागात ही स्थिती बहुधा फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत येत-जात राहते. तारीख ठरवून तोटी लावू नका. दहा दिवसांचा हवामान अंदाज पाहा, आणि रात्र उणे, दिवस अधिक अशा जोड्या दिसू लागल्या की लावा.

हा रस टिकाऊ नसतो. नीरेला सकाळी उशीर झाला तर काय होते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मेपलचा रस तितक्या लवकर आंबत नाही, पण तो दुधासारखा सांभाळायचा असतो: ४ अंशांखाली, झाकून, आणि शक्यतो दोन-तीन दिवसांत चुलीवर. गॅरेजमध्ये दुपारी ऊब येते. नऊ दिवसांत तुमच्या रसातल्या जिवाणूंनी साध्या साखरेचे तुकडे करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज केले. या साखरा उष्णतेने लवकर काळवंडतात. हंगाम सरत आला की सिरप आपोआप गडद होत जाते त्यामागेही मुख्यत्वे हेच कारण असते, आणि त्या गडद सिरपची चव मला स्वतःला जास्त आवडते. परंतु गढूळ, तार सुटणारा किंवा आंबूस वासाचा रस निःशंक ओतून द्यावा. मी घराच्या उत्तरेच्या भिंतीला बर्फाचा ढीग करून त्यात खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकच्या बादल्या गळ्यापर्यंत पुरतो. बादलीत वर बर्फाचा थर धरला तर तो काढून टाकतो, कारण त्या बर्फात साखर फारच थोडी असते आणि तेवढे पाणी फुकट निघून जाते. जुन्या बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या देखण्या बादल्या मात्र रसासाठी घेऊ नका. त्यांच्या जोडांत शिसे असण्याची शक्यता असते.

आता यंत्राबद्दल. थंड रसातले एक लिटर पाणी उकळीला आणून त्याची वाफ करायला, काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते. तुमच्या पहिल्या ३५ लिटरांतून सुमारे ३४ लिटर पाणी उडवायचे होते, म्हणजे २५ युनिट, आणि भांड्याच्या कडेने वाया जाणारी उष्णता धरली तर त्याहून कितीतरी जास्त. माझ्या घरच्या शेगडीवर मोठ्या पातेल्यातून तासाला जेमतेम दोन लिटर पाणी उडते. चांगल्या दिवशी एकेक तोटी ५ ते ८ लिटर रस देते. चार तोट्यांचे २५-३० लिटर म्हणजे १२ ते १५ तास सलग चूल, तेही रोज. हे कोणालाच जमणारे नाही, म्हणून रस साचतो, शिळा होतो, आणि कंटाळून माणूस लवकर थांबतो. छताच्या रंगाचेही तेच. बादल्यांमधले पाणी वाफ होऊन तुमच्या भिंतींवर आणि छतावर बसले. ओढणारा पंखा कितीही चांगला असला तरी रस घरात आटवू नये; घरात फक्त शेवटचा हात द्यावा.

तरीही चार झाडांसाठी तयार यंत्र घेऊ नका असेच मी सांगेन. त्याची किंमत तुमच्या सिरपमधून कित्येक वर्षांत निघणार नाही, आणि बहुतेक यंत्रांना नीट चालायला तुमच्या रसापेक्षा जास्त रस लागतो. माझी स्वतःची पहिली ११ वर्षे सिमेंटच्या ठोकळ्यांच्या चुलवाणावर गेली. ठोकळे दोन रांगांत रचले, मागे पत्र्याचे धुराडे उभे केले आणि वर तीन चौकोनी स्टीलची पात्रे ठेवली, हॉटेलांत अन्न गरम ठेवायला वापरतात तसली, सुमारे ५० बाय ३० सेंटिमीटरची. सुके, बारीक फोडलेले लाकूड घातले की या तिन्हींतून तासाला १० ते १२ लिटर पाणी उडते. उंच पातेले आणि पसरट पात्र यांत फरक पडतो तो पृष्ठभागाचा. वाफ वरूनच जाते, रस किती खोल आहे याने तिच्यात फरक पडत नाही. रसाची उंची चार-पाच सेंटिमीटर ठेवा, त्याहून खाली जाऊ देऊ नका, आणि नवा रस थोडाथोडा, शक्यतो कोमट करून घाला, म्हणजे उकळी मोडत नाही. तुमच्या नगरपालिकेत उघड्या आगीला परवानगी लागत असेल तर ती आधी विचारून घ्या. मिळाली नाही तर बाहेर प्रोपेनची मोठी शेगडी चालेल, खर्च मात्र वाढेल. उलट-परासरणाचे (आरओ) छोटे संच हल्ली मिळतात आणि अर्धे पाणी आधीच काढून टाकले की जळणही जवळपास अर्धे लागते, हे खरे. पण त्यांची निगा पाहता १५-२० तोट्यांच्या आत मी त्या फंदात पडणार नाही.

उकळताना फेस वर येतो तेव्हा चमच्याच्या टोकावर तूप घेऊन फेसाला टेकवा; तो तिथल्या तिथे बसतो. आमच्याकडे गुऱ्हाळात मळी काढून झाली की काहील उतू जाऊ नये म्हणून तेलाचे थेंब टाकत, तीच युक्ती. भेंडीचा रस मात्र इथे लागत नाही, कारण उसाइतकी मळी मेपलच्या रसाला येत नाही.

सर्वांत जास्त जपायचा भाग शेवटचा आहे आणि तुमचे दोन्ही घाणे तिथेच बिघडले. ३५ लिटरचे ३ लिटर व्हायला दिवस जातो, आणि ३ लिटरचे सिरप व्हायला थोडा वेळ पुरतो. पाक जसा दाटतो तसा तो भरभर चढतो, आणि पात्रात एक सेंटिमीटर उरले असताना दारावरची बेल वाजली म्हणून तुम्ही गेलात तर परत येईपर्यंत कोळसा झालेला असतो. म्हणून तीन-चार लिटर उरले की चुलीवरून उतरवा, गाळून लहान जाड बुडाच्या पातेल्यात घ्या आणि घरातल्या शेगडीवर, समोर उभे राहून पुरे करा. तेवढ्या वेळात मी फोनही उचलत नाही.

कुठे थांबायचे याला तीन आधार आहेत. पहिला तापमानाचा: पाणी ज्या तापमानाला उकळते त्याच्या जवळपास ४ अंश वर सिरप तयार होते. पुस्तकात १०४ लिहिलेले असते, परंतु हवेचा दाब बदलला की पाण्याचा उत्कलनांकही हलतो, आणि अर्ध्या अंशाची चूक पाकाला पातळ किंवा फाजील घट्ट करायला पुरते. म्हणून त्याच दिवशी, त्याच तापमापकाने, आधी साधे पाणी उकळून आकडा लिहून ठेवा. पाणी ९९.४ ला उकळले तर १०३.४ ला थांबायचे. दुसरा आधार हायड्रोमीटर. ही पाकाचा दाटपणा मोजणारी काचेची तरंगती नळी फार महाग नसते आणि तुम्ही एकच वस्तू विकत घेणार असाल तर हीच घ्या. उंच अरुंद पेल्यात उकळता पाक भरून नळी अलगद सोडा. गरम पाकासाठीची लाल रेषा पाकाच्या पातळीला आली की झाले. पेला थंड असेल किंवा पाक दोन मिनिटे तसाच राहिला तर आकडा फसवतो, म्हणून हे चटकन करावे लागते. तिसरा आधार डोळ्यांचा. पळी पाकात बुडवून आडवी धरा. आधी थेंब एकेक करून सुटतात. मग दोन थेंब काठावर सरकत एकमेकांना मिळतात. आणि शेवटी ते पळीच्या काठाला रुंद पापुद्र्यासारखे लोंबकळतात व एकदम तुटतात. आजोबांचा गुळव्या हातातल्या उलथन्यावरून असेच पाहत असे, म्हणून हा क्षण मला अजूनही थांबून पाहावासा वाटतो. पण पहिली काही वर्षे केवळ डोळ्यांवर विसंबू नका. आणि लाडवांसाठी आपण बोटांत तार पाहतो तशी तार इथे पाहू नका; तार येईपर्यंत सिरप बहुधा हवे त्याच्या पुढे गेलेले असते.

तयार सिरप गढूळ दिसले तर घाबरू नका. रसातली खनिजे, मुख्यत्वे कॅल्शियम मॅलेट, पाक दाटला की बारीक वाळूसारखी वेगळी होतात. ती अपायकारक नाहीत, पण जिभेला कचकचतात. साध्या पंच्यातून गाळले तर थोडी वर अडकतात, पण बरीचशी पाकाबरोबर खाली उतरतात. त्यासाठी जाड फेल्टची शंकूच्या आकाराची गाळणी मिळते. ती आधी उकळत्या पाण्यातून काढून निथळवा, पाक गरम असतानाच ओता आणि पिळू नका. धुताना साबण लावू नका, त्याचा वास पुढच्या वर्षीच्या सिरपला येतो. गाळलेले सिरप ८५ अंशांच्या आसपास असताना स्वच्छ, गरम बाटलीत काठोकाठ भरा, झाकण लावून बाटली थोडा वेळ आडवी ठेवा म्हणजे झाकणाची आतली बाजूही उष्णतेने निर्जंतुक होते. फोडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा. तुमचे एकूण सिरप दोन-तीन लिटरच होणार असेल तर सरळ फ्रीझरमध्ये ठेवले तरी चालते. ते दगडासारखे गोठत नाही.

झाडांना इजा होते का, याचे प्रामाणिक उत्तर असे की प्रत्येक भोक ही जखम असते. झाड ती जखम आपल्यासारखी भरून काढत नाही. ते तिच्याभोवती कुंपण घालते. भोकाच्या वर आणि खाली लाकडाची एक उभी पट्टी तपकिरी पडते आणि त्या पट्टीतून पुन्हा कधीच रस वाहत नाही. बाहेरून साल एक ते तीन वर्षांत मिटते, आतला डाग कायम राहतो. झाड दरवर्षी जितके नवे लाकूड घालते त्यापेक्षा आपण कमी निकामी केले तर ते वर्षानुवर्षे निरोगी राहते. इथल्या अनेक कुटुंबांची तीच झाडे पिढ्यान्पिढ्या रस देत आहेत, आणि युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून अबेनाकी, अनिशिनाबे आणि हौदेनोसौनी लोक या रसाची साखर करत होते. म्हणून मर्यादा पाळायच्या. छातीच्या उंचीला खोडाचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे घेर ९४ सेंटिमीटर, भरेपर्यंत त्या झाडाला हात लावू नका. व्यास ४५-५० सेंटिमीटरच्या पुढे असेल तरच दुसरी तोटी, आणि तिसरी कधीच नाही. भोक ८ मिलिमीटरचे, दुकानात ज्याला ५/१६ इंच म्हणतात ते, चार-पाच सेंटिमीटर खोल, किंचित वरच्या दिशेने, ड्रिलच्या धारदार टोकाने एका दमात पाडा. बाहेर येणारा भुसा दुधी-पिवळसर असावा. तपकिरी आला तर तुम्ही जुन्या जखमेत किंवा कुजक्या लाकडात शिरला आहात. तोटी हातोडीने हलकेच ठोका. ठोक्याचा आवाज पोकळाचा भरीव झाला की थांबा, पुढच्या एका ठोक्याने लाकूड चिरते आणि रस तोटीबाहेरून झिरपू लागतो. पुढच्या वर्षीचे भोक जुन्यापासून आडवे किमान १५ सेंटिमीटर आणि वर-खाली ६० सेंटिमीटर दूर घ्या. कळ्या फुटू लागल्या की तोट्या काढा, कारण त्यानंतरच्या रसाला न जाणारी उग्र चव येते. भोक मोकळेच राहू द्या. खुंटी किंवा मेण लावू नका. ज्या झाडाच्या खोडात किडींसाठी औषध टोचले असेल त्याचा रस घेऊ नये. घर तुम्ही विकत घेतलेले असल्याने हे आधीच्या मालकांना विचारून घ्या.

या साऱ्याचा तुमच्यापुरता अर्थ असा की येत्या वर्षी चारऐवजी दोनच झाडांना एकेक तोटी लावा, दोन पसरट पात्रे आणि एक हायड्रोमीटर घ्या, दर दोन दिवसांनी बाहेर आटवा, आणि हाती आलेले दीड-दोन लिटर खरे सिरप बाटलीत पाहून मग तिसऱ्या झाडाचा विचार करा.

कोणती दोन झाडे, हे आत्ताच ठरवा, पाने आहेत तोवर. हिवाळ्यात मेपल ओळखायला फांद्या जोडीने समोरासमोर फुटलेल्या दिसतात आणि शुगर मेपलची कळी टोकदार, तपकिरी असते, पण नवख्याला पान सोपे. तुम्ही म्हणता की चौथे झाड उन्हाळाभर जांभळट लाल असते. ते बहुधा नॉर्वे मेपल असावे. त्याचे एक पान देठासकट तोडा. देठातून दुधासारखा पांढरा चीक आला तर ते नक्की नॉर्वे आहे, आणि मग ते यंदा सोडून द्या. उरलेल्या तिघांपैकी ज्यांच्या पानांना पाच टोके आहेत, दोन टोकांमधली खाच गोलसर आहे आणि कडेला बारीक दाते नाहीत, त्यांना रंगीत फीत बांधून ठेवा. चारही झाडांचा छातीच्या उंचीचा घेर टेपने मोजून मला कळवा, म्हणजे तोट्या नेमक्या कोणाला लावाव्यात हे सांगता येईल.